मोन्तोने : माणगावच्या पुतळ्याचा दुसरा पत्ता

पहिला दिवस : कासिनो

नाना ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली बरीचशी माणगाव आगारात. माणगावात तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. सातबाऱ्याच्या खेपा, रेशनकार्डाच्या खेपा, संपाच्या वेळचे मोर्चे, आमच्या घरातलं सगळं त्या पुतळ्याच्या साक्षीनं झालं. नोकरीच्या निमित्तानं मी मिलानला आले आणि नानांना दोन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं, तेव्हा त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, "तो वाकडा मनोरा तू मैत्रिणींबरोबर बघ. मला आपला पोरगा पडला ती जागा दाखव."

पोरगा म्हणजे घाडगेच, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात मराठा पलटणीत लढलेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले तेव्हा २२ वर्षांचे होते. नाना आता सत्तरीपार, त्यामुळे पुतळ्याला पोरगा म्हणायचा त्यांना हक्क आहे असं ते मानतात.

जागा म्हणजे मोन्तोने. उंब्रिया प्रांतात, पेरुजाच्या उत्तरेला, डोंगरमाथ्यावरचं तटबंदीचं गाव. पण त्याआधी एक दिवस रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून रेल्वेनं कासिनोला गेलो, कारण घाडगेंचं नाव कोरलंय ते तिथं. त्यांना थडगं नाही. कासिनोच्या युद्धस्मशानात एक लांबट हौद आहे आणि त्याच्या कडेनं उभ्या हिरव्या संगमरवरी शिळांवर, ज्यांचं थडगं कुठंच नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं आहेत. वर डोंगरावर बेनेडिक्टाइन मठ. तो १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी बाँब टाकून पाडला आणि युद्धानंतर पुन्हा होता तसा बांधला.

'मराठा' हा शब्द तेव्हाच्या लष्करी इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोरलाय, मधे एक जास्तीचं अक्षर घालून. त्या मथळ्याखाली नाना एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. जाधव, शिंदे, मोरे. आवाज अगदी सुटायच्या गाडीपाशी उभं राहून रिझर्वेशनचा तक्ता वाचणाऱ्या कंडक्टरचा. घाडगे आले तेव्हा थांबले, डोक्यावरची टोपी काढली, आणि मग पुढची नावंही वाचून पुरी केली. म्हणाले, "एकाचं वाचायचं नि बाकीच्यांचं सोडायचं, बरं दिसत नाही."

दुसरा दिवस : चढण

सकाळी रोमला गाडी भाड्यानं घेतली. मी लहान गाडी सांगून ठेवली होती. काउंटरवरच्या मुलानं हसून एक ऐसपैस धूड पुढं केलं, हीच शिल्लक आहे म्हणाला. नानांनी डेपोच्या सवयीनं चारी टायरांना लाथ मारून पाहिली, मग डिकी उघडली आणि हादरले. "बाय, स्टेपनी कुठाय?" स्टेपनी नव्हती. पंक्चर बुजवायचा एक डबा होता. तो डबा हातात घेऊन नाना पहिले ५० किलोमीटर गप्प बसले.

पेरुजाच्या पुढं ई-४५ लागतो. इटलीत कुणालाही विचारा, या रस्त्याचं नाव काढलं की आधी शिवी येते, मग पत्ता. ठिगळांवर ठिगळं, मधेच एक लेन बंद, कामाचे बोर्ड आहेत आणि कामगार नाहीत. नानांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा तजेला आला. मुंबई-गोवा रस्त्याशिवाय माणसाला जगात कुठंतरी सोबत आहे, याचा तो आनंद असावा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टायबरचं सपाट खोरं. मे महिना अखेरीचा, गहू अजून हिरवट, बांधांवर पॉपीची लाल फुलं, आणि मधे मधे तंबाखूची कोवळी रोपं लावलेली. या वरच्या खोऱ्यात तंबाखू ही जुनी लागवड आहे. पानं वाळवायच्या उंच कौलारू इमारती अजून शेतात उभ्या दिसतात, बऱ्याच रिकाम्या. उंबर्तिदेला महामार्ग सोडला, कार्पिना नावाचा ओढा ओलांडला आणि चढ सुरू झाला. प्रत्येक नागमोडीला नाना उजव्या सीटवरून नसलेला ब्रेक दाबत होते.

मोन्तोने समुद्रसपाटीपासून ४८२ मीटरवर आहे. आमच्या बाजूच्या हिशेबानं लहानसा डोंगर, पण भोवती सगळं खाली असल्यामुळे गाव वर ठेवून दिल्यासारखं वाटतं. सगळ्या वाड्या धरून वस्ती साधारण १,६००. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. इथं स्वतंत्र नगरपालिका, खांद्यावर तिरंगी पट्टा घेणारा नगराध्यक्ष, एक संग्रहालय, आणि दर जुलैमध्ये चौकात पडदा लावून होणारा चित्रपट महोत्सव. गाड्या तटाबाहेर ठेवायच्या. धूड लावून झालं आणि बॅगा ओढत वेशीतून आत शिरलो. चढ एवढा की बॅगेची चाकं निरुपयोगी, शेवटी नानांनी आपली बॅग डोक्यावर घेतली. दारात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला मनापासून दाद दिली.

आमची खोली एका सत्तरीतल्या बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. त्यांना इंग्रजी येत नाही आणि नानांना इटालियन. तरी पाच मिनिटांत नानांची शुगर, बाईंचे गुडघे आणि दोघांच्या नातवंडांची संख्या हा सगळा मजकूर हातवाऱ्यांनी इकडून तिकडे गेला. मी दुभाषी म्हणून तयार उभी होते, माझी गरज पडली नाही.

संध्याकाळी स्मारक पाहायला निघालो. मोन्तोनेकरांनी घाडगेंचा पुतळा केलेला नाही. त्यांनी सूर्यघड्याळ केलंय. जुलै २०२३ मध्ये भारतीय राजदूतांच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं, आणि त्याचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. आम्ही पोचलो तेव्हा तो सूर्य ढगात होता. घड्याळावर सावली नाही, म्हणजे घड्याळ बंद. नाना बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "उद्या बघू."

रात्री जेवायला तोर्ता अल तेस्तो मिळाली. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा, पूर्वी दगडी असायचा, आता लोखंडी. त्यावर भाजलेली बोटभर जाडीची पोळी फोडून आत पालेभाजी आणि चीज भरतात. मी उत्साहानं म्हटलं, नाना, ही तर भाकरीच. नानांना ते अजिबात पटलं नाही. भाकरी थापावी लागते, ही लाटलेली आहे. भाकरीत सोडा पडत नाही, हिच्यात आहे. परदेशात दिसेल त्या गोल वस्तूला भाकरी म्हणणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन खाल्ल्या मात्र.

तिसरा दिवस : कंत्राटी सरदार

गावाचे तीन भाग आहेत आणि तिन्हींची नावं वेशींवरून पडली आहेत: पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोन्ते, पोर्ता देल वेर्झिएरे. ऑगस्टमध्ये या तीन आळ्यांत आठवडाभर चढाओढ चालते, मध्ययुगीन कपडे, धनुष्यबाण, एकमेकांना जाहीर आव्हानं. निमित्त काय, तर एका काट्याचं.

तो काटा कळायचा तर आधी ब्राच्चो कळायला हवा. गावाच्या चौकाला नाव त्याच्या घराण्याचं, पियात्सा फोर्तेब्राच्चो. ब्राच्चो फोर्तेब्राच्चो, जन्म १३६८, हा कोंदोत्तिएरे होता. कोंदोत्ता म्हणजे करार. स्वतःची घोडदळाची फौज बाळगायची आणि जे शहर, जो राजा, जो पोप पैसे देईल त्याच्याशी मुदतीचा करार करून लढायचं. शिलेदारासारखंच, फक्त धनी दर हंगामाला वेगळा. मी हे एवढं समजावून सांगितल्यावर नानांनी एका शब्दात उरकलं. "कंत्राटी." एसटीत शेवटच्या वर्षांत त्यांनी कंत्राटी माणसं पाहिली होती, त्यामुळे ब्राच्चोबद्दल त्यांना एकदम सहानुभूती वाटायला लागली.

सहानुभूतीची गरज त्याला फारशी नव्हती. १४१६ मध्ये त्यानं कार्लो मालातेस्ताचा पराभव करून पेरुजा घेतलं आणि ज्या शहरानं त्याच्या घराण्याला हद्दपार केलं होतं त्याचा मालक होऊन बसला. पुढच्या वर्षी रोम घेतलं आणि सुमारे ७० दिवस हातात ठेवलं. त्रासिमेनो सरोवर दर पावसाळ्यात काठच्या शेतांवर चढायचं, तर त्याचं पाणी काढायला बोगद्याचा कालवा खोदून घेतला. मला हा कालवा रोमपेक्षा मोठा पराक्रम वाटतो, पण इथल्या माहितीफलकांवर त्याला एक ओळ मिळते. त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी स्फोर्झा जानेवारी १४२४ मध्ये नदी ओलांडताना बुडाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन ब्राच्चोही गेला. स्फोर्झाच्या वंशजांना मिलान मिळालं. ब्राच्चोच्यांना मोन्तोने.

सान फ्रान्चेस्कोचं चर्च आता संग्रहालय आहे. चौदाव्या शतकातलं, बाहेरून साधं, आत एकच लांबट दालन आणि टोकाला बहुकोनी गर्भगृह. गर्भगृह हा आमचा शब्द, पण दुसरा सुचत नाही. त्या भिंतींवर फेराराच्या अंतोनियो आल्बेर्तीची भित्तिचित्रं आहेत, ब्राच्चोच्या काळातली, खूप झिजलेली. शेवटच्या निवाड्यात पापी कोण आणि पुण्यवान कोण हे आता रंग उडाल्यामुळे नीट वेगळं काढता येत नाही. तिकीट देणारी मुलगीच तिथली मार्गदर्शक, रखवालदार आणि दिवे लावणारी. आम्ही दोघंच असल्यामुळे ती एकेका चित्रापाशी जाऊन दिवा लावायची आणि निघताना बंद करायची, अगदी आमच्या आजीसारखी.

दिव्याखाली सगळ्यात जास्त वेळ गेला तो बार्तोलोमेओ कापोरालीच्या १४८२ मधल्या कापडी पताकेसमोर. रोगराई आली की अशी पताका मिरवणुकीनं गावातून फिरवायचे. वर मेरी आपल्या झग्याखाली गावकऱ्यांना घेऊन उभी, आणि खाली चिमुकलं मोन्तोने. मुलगी म्हणाली की आमच्या गावातली मुलं या चित्रात आपलं घर शोधतात. नानांनी गाडी लावायची जागा शोधली. सापडली नाही, तिथं तेव्हा झाडं होती.

शेजारच्या दालनात लाकडी पुतळे, तेराव्या शतकातले, क्रुसावरून ख्रिस्ताला खाली उतरवण्याच्या प्रसंगाचे. हात खांद्यातून पुढं आलेले, धरायला कुणीतरी हवं अशा बेतानं. जुन्या सुतारकामात असतं तसं यांच्यात काहीच जादा नाही. मला कापोरालीपेक्षा हे जास्त आवडले. नानांना नाही.

आणि काटा. ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत सरदार होता. १४७३ मध्ये व्हेनिसकडून त्याला ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा मिळाला. तो त्यानं गावाला दिला. ईस्टरनंतरच्या सोमवारी आणि ऑगस्टमधल्या उत्सवात तो लोकांना दाखवतात. आम्ही बरोबर दोन्हींच्या मधे आलो होतो. ५० वर्षांत इथून केवढ्या फौजा गेल्या, केवढा पैसा आला आणि गेला, त्यातलं गावानं जपून काय ठेवलं, तर एक काटा.

कारण बाकीचं ठेवायची मुभाच मिळाली नाही. १४७८ मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसच्या हुकमानं फोर्तेब्राच्चींचा बालेकिल्ला पाडला. गावाच्या सगळ्यात उंच टोकाला त्याचे अवशेष आहेत: भिंतींचे ठोकळे, एका बुरजाचा बुंधा, मधे कापलेलं गवत, बसायला बाक. खाली सांता कातेरीनाचा जुना मठ, त्यात आता गावाचा दप्तरखाना. नाना बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "रायगडाचं इंग्रजांनी केलं तेच." मी म्हटलं, यांच्याकडे हे काम देवाच्या माणसानं केलं. "मग जास्त व्यवस्थित झालं असणार," असं म्हणून नानांनी बाकावर डबा उघडला. डब्यात चितळे बंधूंची बाकरवडी होती. मी नको म्हणत असतानाही ती पुण्याहून आली होती.

चौथा दिवस : धारेवर

गावाबाहेर, तटाखालच्या उतारावर सान ग्रेगोरियोची जुनी पिएवे आहे. पिएवे म्हणजे पंचक्रोशीचं मूळ चर्च. बाप्तिस्मा देण्याचा हक्क पूर्वी फक्त तिला, त्यामुळे सगळ्या वाड्यांतली तान्ही मुलं डोंगर उतरून इथं आणावी लागत. अकराव्या शतकातली इमारत, ओबडधोबड दगड, अरुंद खिडक्या. काल पाहिलेले लाकडी पुतळे मूळचे इथले. आत पाहायला फार काही नाही, दहा मिनिटांत बाहेर आलो आणि शेजारच्या भिंतीवर तासभर बसलो. पाकोळ्या खालच्या दरीत उडत होत्या, म्हणजे त्यांच्या पाठी आम्हाला दिसत होत्या. पक्ष्यांच्या पाठी दिसण्याएवढ्या उंचीवर माणूस फार वेळ बसला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. ब्राच्चोचं बहुधा तेच झालं.

तिथून गाडीनं रोक्का द'आरिएस. कार्पिनाच्या खोऱ्यावर, रानाच्या मधोमध एका उंचवट्यावर हा लहान किल्ला उभा आहे. हाही एके काळी फोर्तेब्राच्चींकडे होता, अलीकडे नीट डागडुजी करून ठेवलाय. दरवाजा बंद होता. कार्यक्रम असला की उघडतात, असं कळलं. आम्ही बाहेरून प्रदक्षिणा घातली.

प्रदक्षिणेतच मला या प्रदेशाची किल्ली सापडली, आणि ती नानांनी दिली. सहाव्या शतकात लाँगोबार्द टोळ्या इटलीत उतरल्या तेव्हा रोम आणि रावेन्ना ही दोन टोकं बायझंटाइनांकडे, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याकडे राहिली, आणि त्यांना जोडणारी एक चिंचोळी वाट याच मुलखातून जात होती. पुढं पेरुजा, चित्ता दी कास्तेल्लो, पोप, सरदार, सगळ्यांना तीच वाट हवी होती. म्हणून प्रत्येक धारेवर बुरूज. हे मी वाचून आले होते आणि तसंच घोकून सांगत होते. नाना कोपऱ्यावर उभे राहून खाली पाहत होते. म्हणाले, "इथं बसलं की दोन्ही बाजूंची गाडी आधी दिसते. घाटात हॉर्न वाजवायची जागा ही."

१९४४ मध्ये जर्मनांनी तेच केलं. रोम ४ जूनला पडलं, पेरुजा २० जूनला. जर्मन सैन्य पळत नव्हतं. उत्तरेकडची पक्की संरक्षक फळी तयार होईपर्यंत वेळ काढत, एकेक धार लढवत मागं सरकत होतं. पेरुजापासून चित्ता दी कास्तेल्लो जेमतेम ५० किलोमीटर, आम्ही परवा पाऊण तासात निम्म्यावर आलो. दोस्तांना तिथं पोचायला २२ जुलै उजाडला. या डोंगरांत दहावी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. इटलीत सगळे मिळून सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले. या आघाडीवर दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकांपैकी, ६ भारतीयांना मिळाले. त्यांत दोघे मराठे, घाडगे आणि पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर लढलेले नामदेव जाधव. जाधव जिवंत परत गेले.

घाडगेंच्या सन्मानपत्रातली हकिकत नानांना पाठ आहे. त्यांचं सेक्शन, म्हणजे लहानशी तुकडी, पुढं गेलं आणि अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीचे नाईक घाडगे सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. हातगोळा टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगननं आणखी एकाला मारलं. मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दस्त्यानं तुटून पडले आणि त्यांना ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्याच मोर्च्यात पडले. नाना हे सांगताना नेहमी एका वाक्यावर अडखळतात, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. "किती सेकंद लागत असतील, गो?"

परतताना एका शेतकऱ्यानं आमची गाडी अडवली. पुढं गवताचे गठ्ठे भरायचं काम चाललं होतं, ट्रॅक्टर आडवा होता. वाट पाहायचीच होती म्हणून मी त्याला विचारलं, भारतीय सैनिक लढले ते कुठं? त्यानं हातातला दोर ठेवला, उजवीकडच्या धारेपासून हात फिरवायला सुरुवात केली आणि डाव्या बाजूच्या धारेवर नेऊन थांबवला. सगळं क्षितिज त्यात आलं. "क्वि," म्हणाला. इथं. नानांनी भाषांतराची वाट पाहिली नाही. गाडीतून उतरले, हाताचं बोट जसं फिरलं तसं हळूहळू फिरून सगळं पाहून घेतलं. मग चार गठ्ठे उचलून द्यायला गेले. मी अडवलं नाही. त्या माणसानंही नाही.

पाचवा दिवस : खाली

उंबर्तिदे आणि चित्ता दी कास्तेल्लो एका दिवसात उरकले. दोन्हींना ते अन्यायाचं आहे, पण डोंगरावर चार दिवस राहिल्यावर सपाटीवरची गावं गजबजलेली वाटतात.

उंबर्तिदेचं जुनं नाव फ्रात्ता. १८६३ मध्ये राजपुत्र उंबेर्तोच्या सन्मानार्थ बदललं. तिथं सांता क्रोचे चर्चमध्ये लुका सिन्योरेल्लीचं १५१६ मधलं क्रुसावरून उतरवण्याचं चित्र आहे, शिड्या, झुकलेली माणसं, सगळी गर्दी. मोन्तोनेच्या लाकडी पुतळ्यांनंतर मला ते फार बोलकं वाटलं. नानांना हे आवडलं, "यात काम कसं चाललंय ते कळतं." पण गावात लक्षात राहतो तो चौक. २५ एप्रिल १९४४ ला दोस्तांची विमानं टायबरवरचा पूल पाडायला आली. बाँब शेजारच्या वस्तीवर पडले, ७० माणसं गेली. पुढच्याच वर्षीच्या २५ एप्रिलवरून इटलीचा मुक्तिदिन ठरला. त्यामुळे देश झेंडे लावतो त्या दिवशी हे गाव आधी नावं वाचतं. नाना चौकातल्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "पूल वाचला होता का?" पुलासाठी ही विचारपूस फक्त ड्रायव्हरच करू शकतो.

चित्ता दी कास्तेल्लोत आल्बेर्तो बुर्री. इथलाच माणूस, शिक्षणानं डॉक्टर. ट्युनिसियात पकडला गेला, टेक्सासच्या कैदी छावणीत चित्रं काढायला लागला, परत आल्यावर डॉक्टरकी सोडली. त्याची मोठी चित्रं तंबाखू वाळवायच्या जुन्या इमारतींत मांडली आहेत, गावातल्या वाड्यात बाकीची. त्यात गोणपाट. फाटलेलं, रफू केलेलं, ठिगळ लावलेलं, फ्रेममध्ये ताणलेलं गोणपाट. नाना एका पोत्यासमोर गेले, जवळून टाके पाहिले आणि म्हणाले की सुतळी दुहेरी घेतली असती तर टिकलं असतं. मी हसले, पण तिथल्या शांततेत मला एकदम वाटलं की या खोलीत त्या पोत्याकडे पोतं म्हणून पाहणारे तेच एक असावेत, आणि सैन्यातला डॉक्टर टाके घालायचा तेही असंच पाहून.

सहावा दिवस : निरोप

सकाळी लख्ख ऊन. बाईंनी वाटेत खायला अंडी उकडून दिली, सोबत मीठ कागदाच्या पुडीत. नानांनी त्यांना बाकरवडीचा उरलेला पुडा दिला. एक खाऊन बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं.

गाडीकडे जायच्या आधी नाना सूर्यघड्याळापाशी गेले. मी मागून पोचले तेव्हा मनगट वर धरून उभे होते, कपाळाला आठी. वेळापत्रकावर जन्म गेलेला माणूस, जुळत नाही म्हणजे काय? मी समजावलं: उन्हाळ्यात इकडे घड्याळं तासभर पुढं करतात, सावलीला ते माहीत नसतं. शिवाय इटलीची प्रमाणवेळ इथून बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावरची, त्याची आणखी दहाएक मिनिटं. नानांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि आठी गेली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. माणगावहून, आगारातले जुने कंडक्टर मित्र. नानांनी स्पीकर लावला, कारण ते नेहमीच लावतात.

"पोचलास का तिथं?"

"पोचलो. परत निघालोय."

"पुतळा आपल्यासारखाच आहे का?"

"पुतळा नाही रे इथं. घड्याळ आहे. उन्हावर चालणारं."

"बरोबर चालतं का?"

नानांनी एकदा सावलीकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे.

"तासभर लेट आहे," ते म्हणाले. "पण चूक त्याची नाही."